येथे उंदीर येत नाहीत

यंदा दिवाळीच्या आठ दिवस आधी लहानूने तेंदूपत्त्याच्या गोडाऊनची किल्ली ग्रामसभेच्या सतरंजीवर ठेवली आणि चपला न घालताच तो घरी गेला. गावात त्याला 'लहानूभाऊ' म्हणणं त्या दिवसापासून बंद झालं.

आता हे घडलंच नाही. ग्रामसभेच्या वहीत तसं लिहिलेलं आहे आणि खाली चौसष्ट जणांच्या सह्या-अंगठे आहेत. किल्ली कोणी काढून घेतली नाही, कोणाचं काही गेलं नाही, आणि चपलांचा तर उल्लेखच नाही. चौसष्ट माणसांच्या विरोधात जाऊन गोष्ट सांगण्यात काही हशील नाही. तेव्हा आपणही किल्ली अजून लहानूच्या करदोट्यालाच लटकलेली आहे असं धरून चालू.

पेरमटोला हे गाव आलापल्लीहून भामरागडकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे, म्हणजे जेव्हा रस्ता असतो तेव्हा. पावसाळ्यात पुढचे नाले भरले की रस्ता पाण्याखाली जातो आणि पलीकडच्या गावांत चार महिने चाक फिरत नाही. म्हणून पलीकडचे लोक आपल्या गाड्या जूनमध्येच अलीकडे आणून ठेवायचे. पूर्वी शाळेच्या मागं, मोहाच्या झाडाखाली, कुठंही. पाऊस ओसरल्यावर येऊन बोनेट उघडायचे तर आत उंदरांच्या तीन पिढ्या, आणि वायरिंगच्या जागी वायरिंगची आठवण.

यातून मार्ग काढला तो लहानूने. वय सव्वीस. पोलीस भरतीत दोनदा छातीने दगा दिलेला, मधमाश्या पाळायला घेतल्या तर त्या तिसऱ्या दिवशी राजीनामा न देता निघून गेलेल्या. गाव त्याला 'लहान्या' म्हणे, आणि तेही कामापुरतं. ग्रामसभेचं तेंदूपत्त्याचं गोडाऊन जूनमध्ये पत्ता उचलला गेला की रिकामं पडतं, तिथं गाड्या ठेवाव्यात अशी कल्पना त्याने मांडली. ग्रामसभेचे अध्यक्ष मुखरूभाऊ. त्यांनी बराच वेळ मिशीवरून हात फिरवला आणि किल्ली दिली.

"पण आयक लहानू," ते म्हणाले, "एक वायर जरी कुरतडल्या गेली, तर किल्ली वापस. मंग मले सांगू नको का उंदीर माह्या ओळखीचा नोहोता म्हणून."

लहानूने काम अंगाला लावून घेतलं. प्रत्येक चाक पाण्याने भरलेल्या घमेल्यात उभं केलं, कारण उंदीर चाकावरूनच चढतो. सायलेन्सरच्या तोंडाला जाळी बांधली. इंजिनात तंबाखूच्या पुरचुंड्या, डांबरगोळ्या, वाळलेला कडुलिंब. बोनेट कायम उघडी, कारण उजेडात उंदराला संसार मांडायला लाज वाटते. कोपऱ्यात एक रेडिओ दिवसभर चालू. लहानूचा अनुभव असा की, शेतीविषयक कार्यक्रम लागला की उंदीर सगळ्यात लवकर निघून जातात.

शिवाय धामण होती. धान्याच्या जागी राहणारी धामण मारायची नाही ही तिकडची जुनी रीत. ती उंदीर खाते आणि बदल्यात काही मागत नाही. लहानूने तिची हजेरीच मांडली. वहीत रोज सकाळी लिहायचा, 'धामण : हजर.' एका दिवशी 'धामण : गैरहजर, कारण दिले नाही.' तिने टाकलेल्या कातीचे तुकडे त्याने प्रत्येक गाडीच्या बोनेटखाली एकेक असे समान वाटले.

पहिल्या पावसाळ्यात एकही वायर तुटली नाही. दुसऱ्यातही नाही. गोडाऊनच्या दारावर लहानूने निळ्या रंगात स्वतःच्या हाताने लिहिलं : येथे उंदीर येत नाहीत. कंडक्टर बस हळू करून बोर्ड वाचायला लागले. आणि एक दिवस खुद्द मुखरूभाऊंनी चारचौघांत हाक मारली, "ओ लहानूभाऊ!" लहानूने आधी मागं वळून पाहिलं की कोण आलं. मग कळलं, आपणच.

त्या 'भाऊ'साठी लहानूने काहीही केलं असतं. आंघोळ तर केलीच. त्या तंबाखूचा आणि डांबरगोळ्यांचा वास अंगाला असा चिकटे की जेवायला बसला की ताटातली भाजी मागं सरकायची. म्हणून तो रोज सकाळी नदीवर जाऊन तासभर अंग घासत असे. पाण्यात पडायला नको म्हणून किल्ल्यांचा जुडगा, गोडाऊनची एक आणि गाड्यांच्या सात, तेवढ्या वेळापुरता घरी खुंटीवर.

इथून पुढचं लहानूला माहीत नव्हतं. त्यामुळं आपणही सध्या माहीत करून घ्यायचं नाही.

तिसऱ्या वर्षी गोडाऊनमध्ये सात गाड्या होत्या. नीलिमा सिस्टरची छोटी कार, दोन काळीपिवळ्या, एक जीप, एक पिकअप, पावसाळ्यात लग्नं नसल्यामुळं बेरोजगार झालेली डीजेची गाडी, आणि आईस्क्रीमची गाडी. ऑक्टोबरात नाले उतरले. पहिल्या आल्या नीलिमा सिस्टर. पलीकडच्या उपकेंद्रात नर्स. चार महिने पायी आणि लाकडी डोंग्याने फिरलेल्या. त्यांनी चावी फिरवली. गाडीने हूं की चूं केलं नाही.

"झोपली असेल," लहानू म्हणाला.

पुन्हा फिरवली. तेव्हा मागच्या सीटच्या आतून कोणीतरी नाराजीने चुकचुकलं.

आलापल्लीहून मन्सूरला बोलावलं. मन्सूर गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा, लहानूचा दोस्त. लहानूचं गोडाऊन सुरू झाल्यापासून त्याचा पावसाळ्यानंतरचा धंदा जवळपास बसला होता, तरी दर ऑक्टोबरात येऊन तो सगळ्या गाड्यांच्या बॅटऱ्या जोडून द्यायचा आणि चहावर परत जायचा. त्याने सिस्टरच्या कारमध्ये डोकं घातलं, बाहेर काढलं, आणि पुढच्या गाडीत घातलं. सहा गाड्यांत असं करून तो आईस्क्रीमच्या गाडीपाशी थांबला.

"ही चालू हाय. बाकी सहा गेल्या."

लहानूला पटेना. कारण इंजिनाची बाजू जशीच्या तशी होती. घमेल्यात पाणी, सायलेन्सरला जाळी, पुरचुंड्या जागेवर. तारा तुटल्या होत्या त्या मागच्या अंगाला, आतून. बाहेरून कोणी आलंच नव्हतं. मग घरभेदी कोण? माणसाला अशा वेळी जवळचाच माणूस दिसतो, आणि सगळ्यात जवळ मन्सूर उभा होता, हातात पक्कड घेऊन.

"मन्सूर," लहानू म्हणाला, "उंदरं येऊन तारा तुटल्या तर फायदा कोणाचा होते?"

मन्सूरने त्याच्याकडे पाहिलं. पक्कड खिशात ठेवली.

"काय म्हणून राह्यला तू?"

"मी नाई म्हणून राह्यलो. हिशेब म्हणून राह्यला. मागच्या साली तू इथी बॅटरी जोडाले आला, आन् या साली..."

"या साली म्या खिशात उंदरं भरून आणले? बसमधी? त्याईचं हाफ तिकीट काढून?" मन्सूर हसला नाही. "लहानू, मी तार जोडतो. खात नाई."

नीलिमा सिस्टर दोघांकडे आळीपाळीने पाहत होत्या. मन्सूर त्यांच्या कारच्या मागं गेला आणि त्याने डिक्की उघडली.

वास आधी बाहेर आला. गोड, जड, आंबूस. ज्याच्या नाकात तो लहानपणापासून असतो त्याला तो वास म्हणून कळतच नाही, आणि कळला असता तर तंबाखू, डांबरगोळ्यांनी कळू दिला नसता. डिक्कीत एक गाठोडं होतं. त्यात वाळलेली मोहफुलं. म्हणजे होती. आता अर्धी फुलं, अर्ध्या लेंड्या, आणि मधोमध चिंध्यांच्या गादीवर गुलाबी रंगाची, डोळे न उघडलेली अकरा बाळं.

"मुबारक हो," मन्सूर म्हणाला.

दुसऱ्या गाडीत सीटखाली गाठोडं. जीपमध्ये स्टेपनीच्या जागी. डीजेच्या गाडीत तर दोन स्पीकरांच्या पोटात मोह ठासून भरलेला. आता त्यांतून फक्त खालचा सूर निघाला असता. फक्त आईस्क्रीमच्या गाडीत ज्याने कोणी मोह ठेवला होता त्याने तो बर्फाच्या पेटीत झाकण लावून ठेवला होता, म्हणून ती गाडी वाचली. आणि एका काळीपिवळीच्या मागच्या बाकाखाली धामण वेटोळं करून झोपली होती, पोट मांडीएवढं फुगलेलं. चार महिने तिने 'हजर' लावून घेतलं होतं. तिने एक डोळाही हलवला नाही.

लहानू गाठोड्यांची फडकी पाहत होता. गावात लुगडं फाटलं तरी ओळख फाटत नाही. हे निळं बायनाबाईचं, मुखरूभाऊंच्या बायकोचं. हे पिवळ्या काठाचं बुधरीचं. आणि सिस्टरच्या डिक्कीतलं हिरवं, कोपऱ्यात चुलीच्या ठिणगीने पडलेलं भोक, ते भोक लहानूने लहानपणी बोट घालून मोठं केलेलं.

"ओळखीचं दिसते," मन्सूर म्हणाला.

लहानूने त्याची माफी मागायला हवी होती. तोंडही उघडलं. पण त्यातून निघालं ते एवढंच, "उद्या सभा हाय. थांबशील?"

"थांबतो ना," मन्सूर म्हणाला. "उंदराईचं बारसं पाहूनच जातो."

घरी लहानूची आई केसरबाई तांदूळ निवडत होती.

"माय, तुहा मोह कुठी हाय?"

केसरबाईचा हात थांबला नाही. "ठेवला असन कुठीतरी."

"सिस्टरच्या गाडीत?"

"मंग कुठी ठेवू?" आता तिने मान वर केली. "घरी धानाच्या ढोलीत ठेवला तं उंदरं खातेत. मडक्यात ठेवला तं बुरशी लागते. तुनंच तं बोर्ड लावला ना बापा, येथे उंदीर येत नाई म्हणून. साऱ्या गावात भरोशाची जागा तेवढीच एक. तू आंघोळीले गेला का ठेवून येवो."

"आन् बाकीच्या सहाजणी?"

"म्या फक्त बायनाबाईले सांगतलं. तिले म्हटलं कोणाले सांगजो नोको." केसरबाईने एक खडा वेचून बाजूला टाकला. "तिनं बी म्हटलंच असन."

लहानू जमिनीवर बसला. म्हणजे उंदीर चाकावरून चढलेच नव्हते, घरच्या गाठोड्यांत बसून आत गेले होते. जिथं कधी उंदीर येत नव्हते तिथं उंदीर आले, कारण तिथं उंदीर येत नाहीत. हे त्याने मनात दोनदा उलटवून पाहिलं. दोन्ही बाजूंनी ते त्यालाच येऊन लागत होतं.

"उद्या सभेत सांगशील ना, मोह तुहा होता म्हणून? नाई तं किल्ली जाईन माही."

"सांगीन ना," केसरबाई म्हणाली. "माह्या पोटचा हायस तू. सांगीन नाई तं काय करीन?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सात बायका दारात. पुढं बायनाबाई, सगळ्यात मागं केसरबाई, जणू ती त्या घरात राहतच नव्हती.

"लहानूभाऊ," बायनाबाई म्हणाली, आणि 'भाऊ' असं म्हणाली की लहानूने दार पूर्ण उघडलं. "आमच्यापाई तुह्यावर आळ येऊन राह्यला. आम्ही ठरवलं. सभेत जिची तिनं गाठोडं हाती घेऊन उभं राहाचं. मंग कोण बोलन तुले? दे किल्ली, काढून आणतो."

मन्सूर ओट्यावर चहा पीत होता. तो म्हणाला, "गाठोडं जिथी हाय तिथंच असू दे. सभाच तिथी घेऊन जा."

"तुमी गप राहा हो, मन्सूरभाऊ," बुधरी म्हणाली. ती दोन वर्षांपूर्वीच लग्न होऊन आलेली, कडेवर पोर. "आमच्या गावचं आमी पाहून घेऊ."

लहानूला वाटलं, हेच ते. हेच गाव. त्याने करदोट्याची गाठ सोडली आणि जुडगा बायनाबाईच्या हातात दिला. बायका गेल्या. तासाभरात झाडून-पुसून परतही आल्या. उंदरांची बाळं कुठं नेली ते त्याने विचारलं नाही.

दुपारी समाजमंदिरात सभा भरली. मुखरूभाऊ, वही लिहिणारा सचिव, पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या. भिंतीशी नीलिमा सिस्टर आणि डीजेवाला. डीजेवाल्याच्या मांडीवर कुरतडलेला स्पीकर होता, आजारी नातेवाइकासारखा.

"ज्याच्यामुळं उंदीर आले," मुखरूभाऊंनी सुरुवात केली, "त्यानं गाडीवाल्याईले जबाब द्याचा. आन् गाड्या नीट करून द्याच्या. बोला."

लहानूने बायकांकडं पाहिलं. साठ-सत्तर हात होते. सगळे रिकामे.

"मोह होता गाड्याईत," तो म्हणाला. "सात गाठोडे. त्याच्यावर उंदरं आले."

"कोणाचा मोह?"

"ज्याईचा होता त्या सांगतीन."

 प्रत्येक बाई दुसरीने आधी उठावं म्हणून थांबली होती, आणि सातही जणी अशा थांबल्या की कितीही वेळ थांबता येतं हे सगळ्यांना कळलं. बुधरी अर्धी उठली. लहानू पुढं सरकला. तिने पोर एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं आणि ती परत बसली.

"बायना," मुखरूभाऊंनी बायकोला विचारलं, "आपला होता का?"

"आपला तं घरी हाय," बायनाबाई म्हणाली. आणि हे खरंच होतं. सकाळपासून तो घरीच होता.

"केसरबाई, तुमचा?"

केसरबाईने पदर डोक्यावर नीट केला. लहानू तिच्याकडं पाहत होता. ती सतरंजीकडं पाहत होती. सतरंजीवर एक मुंगी चालली होती. तिला ओलांडून जायला वेळ लागला.

"आमच्या घरी यंदा मोह वेचलाच नाई," केसरबाई म्हणाली. "माहे गुडघे दुखतेत."

"म्या पाह्यला मोह," मन्सूर मागून उभा राहून म्हणाला. "सिस्टरनं बी पाह्यला. उंदराची पोरं बी पाह्यली, अकरा. धामण बी पाहिजे तं आणून दाखवतो, तिचं पोट फुटाले आलं."

"मन्सूरभाऊ, तुमी आलापल्लीचे," मुखरूभाऊ मऊ आवाजात म्हणाले. "सिस्टर पल्याडच्या. ग्रामसभेत गावचाच माणूस बोलते. कायदाच तसा हाय."

"आन् उंदीर? ते कोण्या गावचे?"

या प्रश्नावर सभेने विचार केला. सचिवाने पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं. उंदरांच्या रहिवासाबद्दल कायद्यात काही नाही, असं ठरलं.

ठराव असा झाला, तो वहीत आहे : 'गोडाऊनमध्ये मोह नव्हता. उंदीर स्वतःच्या मर्जीने आले. श्री. लहानू यांची किल्ली कोणी काढून घेतलेली नाही व कोणाचे काही नुकसान झालेले नाही.' सहीसाठी वही फिरली. केसरबाईने शाईत अंगठा बुडवला आणि कागदावर टेकवला, नीट, दाबून, जसा ती लहानूच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर टेकवत असे. लहानूने किल्ली सतरंजीवर ठेवली आणि चपला न घालता...

नाही, हे घडलं नाही असं आपलं ठरलेलं आहे.

मन्सूर त्याच्या मागून चपला हातात घेऊन आला. सहा गाड्यांच्या तारा त्याने दोन दिवस बसून जोडून दिल्या. लहानू त्याला टॉर्च धरून उभा होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लहानू म्हणाला, "मन्सूर, म्या तुले जे म्हटलं ना..."

"टॉर्च नीट धर," मन्सूर म्हणाला. "लाल तार दिसून नाई राह्यली."

दिवाळी झाली. गोडाऊनची किल्ली आता मुखरूभाऊंच्या घरी असते. लहानूला लोक पुन्हा लहान्या म्हणतात. केसरबाईशी तो बोलत नाही. ती जेवायला वाढते, तो जेवतो, आणि दोघं मोह सोडून कशाबद्दलच बोलत नसल्यामुळं, आणि मोहाबद्दलही बोलत नसल्यामुळं, घरात आवाज फक्त ढोलीतल्या उंदरांचा.

दिवाळीनंतर पंधराव्या दिवशी दारात पुन्हा सात बायका. पुढं बायनाबाई, हातात निळं गाठोडं.

"लहान्या, हा तुह्या खोलीत ठेवतो रे."

"काऊन?" लहानू म्हणाला. "गोडाऊन हाय ना. किल्ली तुह्याच घरी हाय."

"गोडाऊनचा काय भरोसा? तिथी उंदरं निंघाले ना बाप्पा!" बायनाबाईने गाठोडं त्याच्या खाटेखाली सारलं. "बोर्ड तुनं लिहला होता. अक्षर तुहं. उंदरं तुलेच भितेत. आमाले तुह्याशिवाय कोणाचा भरोसा हाय?"

एकामागून एक सहा गाठोडी खाटेखाली गेली. सातवं हिरवं होतं. ते घरातल्या घरात, चुलीपासून खाटेपर्यंत आलं. केसरबाईने ते खाली ठेवलं, लहानूच्या पायाला हात लागू न देता, आणि ती परत तांदूळ निवडायला गेली.

लहानूने हजेरीच्या वहीचं शेवटचं कोरं पान फाडलं.

प्रति,
मा. अध्यक्ष, ग्रामसभा, पेरमटोला

विषय : अर्जदारावरील विश्वास रद्द करणेबाबत.

महोदय,
उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, सदर गावातील ग्रामस्थांचा अर्जदारावर विश्वास असून तो दिवसेंदिवस वाढत आहे. सदर विश्वासामुळे अर्जदाराची किल्ली, नावापुढील 'भाऊ' व सहा वाहने यांचे नुकसान झाले आहे. ग्रामसभेच्या ठरावानुसार सदर नुकसान झालेले नसल्याने त्याबाबत तक्रार नाही. तथापि आज रोजी अर्जदाराच्या खाटेखाली पुन्हा सात गाठोडी जमा झाली असून रात्री उंदीर येण्याची दाट शक्यता आहे.

तरी अर्जदारावरील सर्व विश्वास तात्काळ काढून घेऊन गावातील अन्य पात्र व्यक्तीकडे वर्ग करण्यात यावा. तसेच हिरवे गाठोडे अर्जदाराच्या आईचे असून, मोह तिचा होता असे तिने एकदा तरी, सभेत नाही तर घरात, जेवण वाढताना का होईना, अर्जदाराकडे पाहून म्हणावे, असे लेखी आदेश ग्रामसभेने तिला द्यावेत, ही नम्र विनंती.